पाकोळी की भिंगरी? हिवाळ्यात वावरातून ओळखायचं कसं

दिवाळीनंतर कापूस वेचायला वावरात गेलं की डोक्यावर काळ्या पाखरांची गर्दी, आणि गावात सगळ्यांना नाव एकच, पाकोळी. त्यात बऱ्याच भिंगऱ्या, म्हणजे इंग्रजीत स्वॅलो, असतात, काही तर उत्तरेकडून फक्त हिवाळ्यापुरत्या आलेल्या.

आधी तारेकडे बघा, रंग नंतर. तारेवर रांगेत बसलेत ना, मग त्या भिंगऱ्याच. पाकोळीच्या, म्हणजे इंग्रजीतल्या स्विफ्टच्या, पायाची चारही बोटं पुढं वळतात, भिंतीला लटकता येतं पण तारेवर बसता येत नाही. उडतानाचा पंखही बघा, पाकोळीचा विळ्यासारखा लांब, ताठ. अपवाद एकच, तुरेवाली ट्रीस्विफ्ट, ती वाळल्या फांदीवर ताठ बसते, डोक्यावर तुरा उभा.

आता खऱ्या पाकोळ्या. नेहमीची म्हणजे लिटल स्विफ्ट, चिमणीएवढी, गळा पांढरा, शेपूट आखूड आणि सरळ कापल्यासारखी, शेपटीच्या वर पांढरा पट्टा. हा पट्टा खालून नीट दिसत नाही, पाखरू वळेपर्यंत थांबा, घाई केली की इथंच चुकतं, कारण दुपारच्या उन्हात लालबुडी भिंगरीचा फिका पट्टाही पांढराच वाटतो, पण तिची शेपूट लांब आणि दोन टोकांची असते. पट्टा नाही, अंग बारीक, शेपूट मिटलेली असताना सुईसारखी आणि वळताना दोन फाके? ती पाम स्विफ्ट, ताडाची झाडं असतील तिथं शोधा, ताडाच्या पानाला लाळेनं घरटं चिकटवते.

गाविलगड किल्ल्यासारख्या कड्यांवर गेलात तर अल्पाइन स्विफ्टसाठी नजर वर ठेवा, जवळपास वीतभर लांब, पोट पांढरं आणि छातीवर तपकिरी पट्टा, एकदा दिसली की दुसऱ्या कशाशी गोंधळ होत नाही. किल्ल्याच्या भिंतीशी संथ घिरट्या घालणारी सगळीच तपकिरी दिसली तर मात्र ती पाकोळी नाही, क्रॅग मार्टिन आहे, भिंगरीच्या घरातली.

पांढरा पट्टा आणि शेपटीला खोल खाच, दोन्ही दिसलं तर पॅसिफिक स्विफ्टचा विचार करा पण एका नजरेत नाव लिहू नका, दोनतीन वळणं बघा, लिटल स्विफ्टची शेपूट पसरली की गोलसर दिसते, खोल खाच दिसत नाही.

वेळ म्हणाल तर ढगाळ दिवस सगळ्यात चांगला, किडे खाली येतात तसं पाखरंही खाली येतात, उघड्या उन्हात ती इतकी वर जातात की ठिपकाच उरतो. नाहीतर सायंकाळी पुलाखाली किंवा जुन्या देवळाशी उभं राहा, लिटल स्विफ्ट हिवाळ्यातही रात्री घरट्यातच झोपतात, अंधार पडताना किंचाळत थव्यानं येतात आणि पाठ अगदी डोळ्यांसमोर वळते. म्हणून दिवाळीच्या रंगरंगोटीत ती घरटी पाडू नका, रिकामी वाटली तरी. मोबाईलवर फोटो धूसरच येतो, त्यापेक्षा वहीत तीन गोष्टी लिहा, शेपूट, पट्टा, पोट, आणि जी दिसली नाही तिथं 'दिसली नाही' असंच लिहा.