बायकोच्या ग्रीन कार्डसाठी उत्पन्न कमी पडलं तेव्हा

मी अमेरिकेचा नागरिक, बायको सांगलीत. आय-८६४, म्हणजे बायकोचा आर्थिक भार उचलण्याची हमी देणारा फॉर्म, भरताना कळलं की माझी कमाई दोघांसाठीच्या सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांपर्यंत पोहोचत नाही. बचतही चालते, पण नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट लागते. तेवढी माझ्याकडे नव्हती.

मग न्यू जर्सीतल्या मामांना संयुक्त प्रायोजक, म्हणजे माझ्यासोबत तीच हमी देणारे, व्हायला विनवलं. त्यांचं उत्पन्न त्यांचं घर आणि माझी बायको, एवढ्यांना पुरेल असं होतं. त्यांनी वेगळा आय-८६४ भरला; सोबत आयकर विवरणाचा सरकारी उतारा (ट्रान्सक्रिप्ट) आणि नागरिकत्वाचा पुरावा. माझा फॉर्म तरीही लागलाच.

सहीआधी मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "मामा, उद्या आमचा घटस्फोट झाला तरी ही जबाबदारी संपत नाही." हे लपवणं मला पाप वाटलं असतं. मामांनी सगळं वाचून सही केली. मुलाखतीत व्हिसा मंजूर झाला.