कार्यालयातील पाण्याचा डिस्पेन्सर आगीच्या धोक्यामुळे परत मागवला गेला, तर काय करावे

गरम-गार पाणी देणाऱ्या डिस्पेन्सरमध्ये आगीचा धोका आढळल्यामुळे उत्पादकाने तो परत मागवल्याची सूचना आली, की अनेक कार्यालयांत ती प्रशासनाकडून खरेदी विभागाकडे आणि तिथून लेखा विभागाकडे फिरत राहते. तोवर यंत्र मात्र पॅन्ट्रीत चालूच असते. म्हणून प्लग आधी काढावा आणि पत्रव्यवहार मागाहून करावा. यंत्राच्या पाठीमागची गरम आणि गार पाण्याची दोन बटणे बंद करून भागत नाही, कारण त्या बटणांपर्यंतच्या तारांमध्ये वीज खेळतच असते. भिंतीवरचे बटण बंद करून प्लग ओढून काढावा. प्लग हाताला गरम लागत असेल किंवा जळकट वास येत असेल, तर त्याला हात न लावता त्या जोडणीचा एमसीबी, म्हणजे वीजपेटीतला प्रवाह जास्त झाल्यास आपोआप पडणारा स्विच, खाली पाडावा. गरम टाकीतले पाणी उकळीच्या जवळ पोचलेले असते, त्यामुळे ते काही तास निवू द्यावे आणि मगच जार उतरवून टाकी रिकामी करावी.

‘वापरू नये’ अशी चिठ्ठी चिकटवणे पुरेसे नसते. रात्रपाळीच्या माणसाला चहा हवा असतो आणि चिठ्ठी सहज निघते. वायर गुंडाळून बांधावी आणि प्लगवर चिकटपट्टी लावावी.

यानंतर यंत्र खरोखर त्या सूचनेत मोडते का, हे तपासावे. परत मागवण्याचा आदेश सहसा संपूर्ण ब्रँडला लागू नसतो. ठरावीक मॉडेल, ठरावीक काळातले उत्पादन किंवा अनुक्रमांकांचा ठरावीक पट्टा, एवढ्यापुरताच तो असतो. ही माहिती यंत्राच्या पाठीवरच्या लेबलवर छापलेली असते, आणि पाठ नेमकी भिंतीला टेकलेली असते. यंत्र उभेच ठेवून पुढे ओढावे, मोबाइलच्या टॉर्चमध्ये मागच्या जाळीवरची धूळ झटकावी आणि लेबलचा संपूर्ण फोटो घ्यावा. अनुक्रमांक हाताने उतरवून घेताना 8 आणि बी यांची गल्लत फार वेळा होते. तिथेच पाणी गार करणाऱ्या यंत्रणेतल्या वायूचे नावही दिसेल. ते आर 600 ए असल्यास आतला वायू आयसोब्युटेन, म्हणजे ज्वालाग्राही आहे, आणि अशा यंत्राच्या नळीला कोणी छेद देऊ नये. प्रत्येक मजल्यावरचे, गोदामातले आणि विशेषतः सुरक्षारक्षकाच्या केबिनमधले यंत्र मोजणीत धरावे. माझ्या एका जुन्या कार्यालयात वरच्या मजल्यावरून काढलेले सदोष यंत्र दोन आठवड्यांनी खाली गेटवर सुरू असलेले सापडले. ‘चांगले आहे, वाया कशाला घालवायचे’ एवढाच त्यामागचा विचार होता.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून ‘थर्मोस्टॅट बदलून घेऊ’ हा मोह टाळावा. गरम टाकीवर सहसा दोन थर्मोस्टॅट असतात: एक पाणी तापले की हीटर बंद करतो आणि निवले की पुन्हा सुरू करतो, दुसरा तापमान मर्यादेबाहेर गेले की वीज तोडतो आणि हाताने दाबल्याखेरीज पुन्हा जोडत नाही. दुरुस्तीत हा दुसरा थर्मोस्टॅट वगळून तारा थेट जोडल्या, तर जार रिकामा असताना कोरडी टाकी तापतच राहते, आणि टाकीभोवतीचे आवरण बहुधा फोमचे असते. एमसीबी आपल्याला वाचवील, हाही गैरसमज आहे. 500 वॅटचा हीटर आणि सुमारे 100 वॅटचा कॉम्प्रेसर मिळून 230 व्होल्टवर जेमतेम 2.6 अँपिअर प्रवाह घेतात. ढिल्या जोडाशी उष्णता साठते ती याच साध्या प्रवाहात, त्यामुळे 10 किंवा 16 अँपिअरच्या एमसीबीला काही वावगे घडते आहे हे कळतच नाही. प्लगच्या पिनेभोवती पडलेला तपकिरी डाग हीच त्याची खूण असते. परत मागवलेल्या यंत्राची अशी परस्पर दुरुस्ती केली, तर भरपाईच्या वेळी कंपनीला बोट दाखवायला जागाही मिळते.

यंत्र विकत घेतलेले असेल, तर बिल, लेबलचे फोटो आणि बंद केल्याची तारीख जोडून उत्पादक आणि विक्रेता या दोघांनाही लेखी कळवावे. जारवाल्याने अनामत घेऊन दिलेले असेल, तर मालक तो आहे. त्याला लेखी कळवून पोच घ्यावी आणि बदली यंत्र मागावे. उत्तर टाळले गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 17 नुसार असुरक्षित मालाविषयीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते, आणि कलम 20 खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण असा माल परत घ्यायला व किंमत फेडायला लावू शकते. हा अधिकार नुसता कागदावर नाही: 2022 मध्ये प्रमाणित नसलेल्या प्रेशर कुकरच्या प्रकरणात प्राधिकरणाने ॲमेझॉनला असा आदेश दिला होता, की आपल्या संकेतस्थळावरून विकले गेलेले 2,265 कुकर परत घेऊन ग्राहकांचे पैसे द्यावेत.

‘कार्यालय म्हणजे व्यापारी खरेदी, तुम्ही ग्राहकच नाही’ असे उत्तर मिळण्याची शक्यता असते. ते ऐकून गप्प बसू नये. मुंबईतील लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टने परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटले, की खरेदीचा नफा कमावण्याच्या व्यवहाराशी थेट आणि निकटचा संबंध आहे का, हे पाहायचे असते. कर्मचाऱ्यांच्या पिण्याच्या पाण्याचे यंत्र हा त्याच धर्तीचा मुद्दा आहे, आणि तो तक्रारीत स्पष्टपणे मांडावा.

यंत्र नेले जाईपर्यंत ते कागदाच्या खोक्यांपासून आणि बाहेर पडण्याच्या वाटेपासून दूर ठेवावे. भंगारवाल्याला ते देऊ नये, कारण तिथून ते दुरुस्त होऊन दुसऱ्या कोणाच्या तरी पॅन्ट्रीत पोचते. कंपनी नेत नसेल, तर नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडे सोपवून पावती घ्यावी. बदली यंत्र आल्यावर ते एक्स्टेन्शन बोर्डावर न लावता भिंतीवरच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावावे, जार बसवून लाल नळातून पाण्याची सलग धार येईपर्यंत पाणी सोडावे, आणि त्यानंतरच गरम पाण्याचे बटण दाबावे.