रस्त्यात पोलिसाने ‘आयडी दाखव’ म्हटलं तर

पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, पण सोसायटीतल्या पोरांच्या लेखी मी अजून ड्यूटीवरच आहे. रात्री कुणाला नाक्यावर अडवलं की सकाळी माझ्या दारात प्रश्न हजर. “काका, आधार जवळ नव्हतं म्हणून झापलं. आधार नसणं गुन्हा आहे का?” प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो. नोकरीची बरीच वर्षं पुण्यात रात्रगस्त आणि नाकाबंदीत गेली, तेव्हा ‘आयडी दाखव’ म्हणणाऱ्यांतलाच मी एक.

आधी सरळ उत्तर. नागरिकाने कायम ओळखपत्र खिशात बाळगलं पाहिजे असा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. आधारही नाही, मतदान कार्डही नाही. जेवण झाल्यावर पन्नासची नोट घेऊन पान खायला खाली उतरलात, तर त्यात बेकायदा काही नाही. मात्र पोलिसाने “नाव काय, राहता कुठे” एवढं विचारायलाही कुठे बंदी नाही. विचारायला तो मोकळा आहे. कागद दाखवायची सक्ती मात्र ठरावीक प्रसंगीच होते, आणि नुसता कागद नाही म्हणून तुम्हाला उचलून नेता येत नाही. सगळी गडबड होते ती या गोष्टींची सरमिसळ केल्यामुळे. तुमच्याकडूनही आणि आमच्याकडूनही.

म्हणून अडवलं की पहिल्यांदा मनाशी ठरवा, या घडीला आपण कोण आहोत? गाडी चालवणारे, की नुसते चालणारे?

गाडी चालवत असाल तर वाद घालायला जागा नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३०. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं की चालकाने लायसन्स दाखवायचं. ‘गणवेशातल्या’ हा शब्द कायद्यातच आहे, तो लक्षात ठेवा. साध्या कपड्यातला कुणी बाइक आडवी घालून लायसन्स मागू लागला तर आधी त्याचं ओळखपत्र बघा. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी हेही मागता येतं. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधली कागदपत्रं २०१८ पासून चालतात. गॅलरीतला फोटो किंवा स्क्रीनशॉट चालत नाही, त्यावरून भांडू नका. घाटात रेंज गेली की डिजीलॉकर उघडत नाही आणि मग पोरं पोलिसावर चिडतात, म्हणून निदान लायसन्सचं कार्ड तरी पाकिटात असू द्या. फोन दाखवायचा तो आपल्या हातात धरून. अनलॉक केलेला फोन कुणाच्याही हाती सोपवायची गरज नाही, आणि डिजीलॉकर दाखवता दाखवता व्हॉट्सअ‍ॅप दाखवायची तर अजिबातच नाही.

लायसन्स घरी राहणं आणि लायसन्स काढलेलंच नसणं यात मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकाराला कलम १८१ आहे, पाच हजारांचा दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. आणि हो, कलम १३० चालकाबद्दल बोलतं. मागे बसलेल्या मित्राने आधार दाखवलंच पाहिजे असं त्यात काही नाही.

आता पायी चालणारे. इथे कामाचं कलम म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३९. १ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता गेली, ही आली. जुन्यात हेच कलम ४२ होतं. कलम असं सांगतं की, पोलिसासमोर तुम्ही एखादा अदखलपात्र गुन्हा (म्हणजे ज्यात एरवी वॉरंटशिवाय अटक होत नाही असा) केलात, किंवा तसा आरोप त्याच्यासमोर तुमच्यावर झाला, आणि तरी विचारल्यावर नाव-पत्ता दिला नाहीत किंवा खोटा वाटावा असा दिलात, तर खरं नाव शोधण्यापुरती अटक करता येते. खरं नाव-पत्ता कळला की जातमुचलक्यावर (स्वतःच्या लेखी हमीवर) किंवा जामिनावर सोडायचं. चोवीस तासांत कळला नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं. बारकाईने वाचा, यात मागितलेलं आहे नाव आणि पत्ता. कार्ड मागितलेलं नाही. आणि आधी गुन्हा किंवा आरोप लागतो. नुसतं ‘संशय आला’ एवढ्यावर हे कलम लागत नाही.

मग रात्री दोन वाजता अडवतात ते कशाच्या जोरावर? पूर्वी आमच्या बोलण्यात ‘१०९ ची केस’ असा शब्द होता. कुणी लपतछपत फिरतोय आणि त्यामागे दखलपात्र गुन्ह्याचा बेत दिसतोय, तर त्याच्याकडून चांगल्या वर्तनाचं हमीपत्र घ्यायला कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे पाठवायचं. आता ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२८ झालंय. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ आहे. त्याचं कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतलं. घरफोडीचं हत्यार बाळगणं, गुन्ह्याच्या इराद्याने तोंड झाकून फिरणं, दुसऱ्याच्या इमारतीत सापडणं आणि का आलो ते सांगता न येणं, असले प्रकार त्यात येतात. कलम १२४ चोरीच्या वाटणाऱ्या मालाबद्दल आहे. यातलं एकही कलम ‘खिशात आधार नाही’ या गोष्टीला गुन्हा म्हणत नाही.

नाक्यावरचा अनुभवी हवालदार कार्डाकडे नंतर बघतो. आधी बघतो ते गाडीला किल्ली लागली आहे की वायर जोडल्या आहेत. मग विचारतो, “कुठून आलास? कुठं चाललास?” उत्तर काहीही असो, ते एका दमात येतं का, हे तो ऐकतो. मी तर पोरांना फोन खिशात ठेवायला लावून घरचा एक नंबर पाठ म्हणायला सांगायचो. हल्ली कुणालाच नंबर पाठ नसतात, त्यामुळे ती युक्ती आता निकामी झाली म्हणा. सांगायचा मुद्दा असा की हिंजवडीतून सेकंड शिफ्ट करून येणाऱ्या पोराने “कंपनीतून आलो, धायरीला चाललोय, घरी आई जागी आहे” एवढं शांतपणे सांगितलं तर दहातल्या नऊ वेळा कार्डाचा विषयच निघत नाही.

तेव्हा माझा सल्ला: तुम्ही काही केलेलं नसलं आणि कलम ३९ लागू होत नसलं, तरी खरं नाव आणि राहायचं ठिकाण सांगून टाका. सांगायचं नसेल तर गप्प राहा, पण खोटं नाव कधीही देऊ नका. साध्या प्रकरणाचं बिघडलेलं प्रकरण तिथूनच होतं. कार्ड मागितलं आणि जवळ असेल तर दाखवा, नसेल तर “आत्ता जवळ नाही साहेब, घरी आहे” म्हणा. मग एकच प्रश्न, सौम्य आवाजात, “साहेब, कशासाठी चेकिंग चालू आहे?” या प्रश्नाने कुणाचा अपमान होत नाही. “तुला माहितेय का माझा मामा कोण आहे” याने मात्र हमखास होतो. आणि अंगाला हात लावू नका, बॅरिकेड ढकलू नका. सरकारी कामात अडथळा म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम २२१, आणि धक्काबुक्की झाली तर १३२. पूर्वी सगळे ३५३ म्हणून घाबरायचे, १३२ म्हणजे तेच. ओळखपत्राचा वाद मिटतो, हा मिटत नाही.

आधारची झेरॉक्स घेऊन फिरायची सवय असेल तर मास्क्ड आधारची घ्या, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. नाक्यावर कुणी मोबाईलवर बोटांचे ठसे घेऊ लागला तर नकार द्या. ठसे-फोटोंसाठी २०२२ चा ओळख कायदा आहे. तो शिक्षा झालेले, अटकेतले आणि हमीपत्राचा आदेश झालेले यांच्यासाठी आहे. बाकी कुणाचे घ्यायचे तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. वाटसरू यात कुठेच बसत नाही.

“चल चौकीत.” इथे पोरांचे पाय लटपटतात. विचारा, “अटक आहे का? कोणत्या कारणासाठी?” अटक असेल तर कारण सांगणं बंधनकारक आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७. घरच्यांना किंवा मित्राला कळवणं बंधनकारक आहे, कलम ४८. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव वाचता येईल असं हवं आणि अटकेचा कागद साक्षीदाराच्या सहीने व्हायला हवा, कलम ३६. यातलं बरंचसं डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच घालून दिलं होतं. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची नाही. अपवाद करायचाच तर महिला अधिकाऱ्याने, दंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी काढून. अटक नसेल आणि नुसती चौकशी असेल, तर जाण्याआधी घरी फोन करून ठिकाण सांगा, आणि तिथे गेल्यावर ठाणे अंमलदाराला विनंती करा की स्टेशन डायरीत माझ्या येण्याची नोंद घ्या. डायरीत वेळ पडली की पुढे सगळे शिस्तीत वागतात; हे मी त्या टेबलामागे बसल्याच्या अनुभवाने सांगतोय. आत मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू ठेवायचं की नाही यावर नेहमी वाद होतो. पोलीस ठाणं हे ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्टमधलं निषिद्ध ठिकाण नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ साली सांगितलं आहे. तरी कॅमेरा साहेबाच्या नाकाजवळ नेऊ नका, काम बिघडतं.

साक्षीदार म्हणून बोलवायचं तर लेखी समजपत्र लागतं, कलम १७९. महिला, पंधरा वर्षांखालची मुलं, साठीच्या वरचे आणि आजारी माणसं यांची चौकशी त्यांच्या घरी जाऊन करायची. आरोपीला हजर राहायची नोटीस असते ती कलम ३५ ची. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून भागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. व्हिडिओ कॉलवर टोपी घालून ‘डिजिटल अटक’ करणारा तर पोलीस नव्हेच. फोन ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

यावरून उलटा प्रश्न, आणि माझ्या मते सोसायटीतल्या ज्येष्ठांसाठी सगळ्यात महत्त्वाचा: ओळखपत्र पोलिसाकडे मागायचं कधी? सकाळी फिरायला निघालेल्या आजींना दोघं जण गाठतात. चांगले इस्त्रीचे कपडे, पायात तांबडे बूट, केस बारीक कापलेले. “आजी, आम्ही पोलीस. पुढे चोरी झालीय, चेकिंग चालू आहे, दागिने घालून कशाला फिरता?” तेवढ्यात तिसरा येतो, आपली चेन काढून निमूट कागदात बांधून घेतो; तो त्यांचाच माणूस. मग आजी पाटल्या काढतात, ते रुमालाला गाठ मारून परत देतात, आणि घरी येऊन सोडलं तर आत खडे. खरा पोलीस दागिने काढायला सांगत नाही, बांधून तर कधीच देत नाही. असं कुणी भेटलं तर नाव, पोलीस ठाणं आणि बक्कल नंबर (पोलिसाचा ओळख क्रमांक) विचारायचा, ओळखपत्र हातात घेऊन वाचायचं आणि तिथूनच ११२ फिरवायचा. खरा असेल तर थांबेल. तोतया ११२ चा आकडा ऐकेपर्यंतच थांबतो.

जोडप्यांबद्दल थोडक्यात. टेकडीवर बसलेल्या दोन सज्ञान माणसांकडे लग्नाचा दाखला मागायचा अधिकार कोणत्याही कलमात नाही. असभ्य वर्तनाला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११० आहे, पण शेजारी बसणं म्हणजे असभ्य वर्तन नव्हे. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांतून चाळीसेक जोडपी याच कलमाखाली उचलली होती, बाराशे रुपये दंड करून सोडली, आणि नंतर आयुक्तांना चौकशी लावावी लागली. “घरी फोन लावू का?” ही धमकी ऐकलीत तर “लावा साहेब” म्हणा, बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

आणि एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. वर जे लिहिलं ते इस्त्रीच्या शर्टातल्या पोराला सहज जमतं. पालावरच्या पारध्याला जमत नाही. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली त्याच्या पणजोबाला हजेरी द्यावी लागायची आणि गाव सोडायला पास लागायचा. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, सवय गेली नाही. बांधकामावरच्या बंगाली मजुराचंही तेच. त्याला विचारलं जातं ते नाव नव्हे, देश. इथे आधार पुरत नाही, कारण आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही असं आधार कायद्यातच लिहिलंय. परदेशी ठरवण्याच्या प्रकरणात सिद्ध करायचं ओझं त्या माणसावर असतं. पण जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामच्या एका खटल्यात म्हटलंय की आधी सरकारकडे काहीतरी आधारभूत माहिती हवी, नुसत्या संशयावर कुणालाही ‘सिद्ध कर’ म्हणता येणार नाही. तुमच्या साइटवर असे मजूर असतील तर ठेकेदाराने त्यांच्या जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, आईवडिलांच्या मतदार यादीतलं पान यांच्या प्रती आधीच काढून ठेवाव्यात. मूळ कागद गावाकडेच राहू द्यावेत.

तक्रार करायची वेळ आलीच तर रस्त्यावर करू नका. नाव, बक्कल नंबर, जागा, वेळ आणि गाडीचा नंबर त्याच रात्री लिहून ठेवा. आधी त्या ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकाकडे, मग उपायुक्त किंवा जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाकडे लेखी अर्ज. तिथेही दाद लागली नाही तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. कारकून “ठेवा इथे, बघतो” म्हणेल. ठेवू नका.