ब्रिटनमधील भाड्याच्या घरातील फर्निचर आगीच्या दृष्टीने सुरक्षित आहे का, हे कसे तपासावे

गोव्यातून स्विंडनसारख्या शहरांत कामासाठी गेलेल्या आपल्या माणसांना अनेकदा फर्निचरसह भाड्याचे घर मिळते. पण राहायला जाण्यापूर्वी सोफ्याची बैठक उचलून पाहणारा विरळाच. आपण शिसवी बाकांवर आणि वेताच्या खुर्च्यांवर वाढलो, त्यांत फोम नव्हताच. आजच्या सोफ्यांत भरलेला पॉलियुरेथेन फोम पेटला की खोली काही मिनिटांत काळ्या धुराने भरते आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायूही असतो. १९७९ साली मँचेस्टरमधील एका दुकानात असे फर्निचर पेटून १० जणांचा मृत्यू झाला. पुढे १९८८ मध्ये फर्निचरच्या अग्निसुरक्षेचे कडक नियम आले, आणि व्यवसाय म्हणून घर भाड्याने देणाऱ्या मालकांनाही ते लागू आहेत.

प्रथम काय तपासायचे ते ठरवावे. सोफा, फोम भरलेल्या खुर्च्या, पलंगाचा मऊ उशाकडचा भाग, गादी आणि उश्या नियमांत येतात. पडदे, गालिचे, पांघरुणे आणि १ जानेवारी १९५० पूर्वी बनवलेले फर्निचर येत नाही.

मग सोफ्याची बैठक उचलून, तळाशी व शिवणीजवळ कायमस्वरूपी शिवलेले लेबल शोधावे. त्यावर ‘केअरलेसनेस कॉजेस फायर’ (निष्काळजीपणामुळे आग लागते) हा इशारा असतो. त्याचे छायाचित्र काढून ठेवावे आणि लेबल कधीही कापू नये. गादीवर मात्र ‘बी.एस. ७१७७’ हा ब्रिटिश मानक क्रमांक पाहावा. सोफ्याला नवे कापड लावलेले असेल, तर जुन्या लेबलवर विसंबू नये, कारण ते कापडही नियमांत बसावे लागते.

लेबल न सापडल्यास वस्तू सदोषच आहे असे ठरत नाही. तथापि घरमालकाकडे किंवा एजंटाकडे खरेदीची पावती वा अन्य पुरावा लेखी मागावा, आणि तोही शक्यतो करारावर सही करण्यापूर्वी, कारण त्यानंतर उत्तरे लांबतात, असे मला वाटते. दाद मिळाली नाही, तर स्थानिक कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेसारख्या संस्थेच्या, ग्राहकसंरक्षणाचे नियम पाहणाऱ्या ‘ट्रेडिंग स्टँडर्ड्स’ विभागाकडे तक्रार करता येते.

वस्तू बदलून मिळेपर्यंत ती हीटरपासून दूर ठेवावी आणि धुराचा अलार्म बटण दाबून तपासावा. चवथीला घरी गणपती बसवणार असाल, तर समई आणि उदबत्ती त्या सोफ्याच्या जवळपासही ठेवू नये.