घरचं नेट फास्ट की ऑफिसचं? दोन्हीकडे एकाच मापाने मोजा

घरी दोनशे एमबीपीएसचा प्लॅन आहे, ऑफिसात शंभरची लाइन आहे. तरीही मोठी फाइल ऑफिसातून भराभर चढते आणि घरून रेंगाळते. मग फोन काढून दोन्हीकडे एकेकदा स्पीडटेस्ट मारली जाते. त्या दोन आकड्यांवरून काहीच ठरत नाही, कारण वायफाय वेगळं, सर्व्हर वेगळा आणि वेळही वेगळी. तुलना करायची तर जागा सोडून बाकी सगळं सारखं ठेवावं लागतं.

आधी एककाचा घोळ मिटवू. प्लॅन एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट असा असतो. फाइल उतरताना ब्राउझर मेगाबाइट दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या लाइनवर कागदोपत्री सेकंदाला १२.५ एमबी उतरायला हवेत, प्रत्यक्षात ११ ते १२ दिसतात. ‘शंभरचे पैसे घेतात आणि अकराच देतात’ ही तक्रार निम्म्या वेळा इथेच संपते.

काय लागेल

एकच लॅपटॉप आणि दोन-तीन मीटरची एकच कॅट ६ केबल, दोन्ही ठिकाणी. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबी ३ चा गिगाबिट अडॅप्टर घ्या. स्वस्तातले बरेच अडॅप्टर आतून शंभरचेच असतात, वेष्टनावर १००० लिहिलंय ना ते बघा. चार्जर लावलेला ठेवा, बॅटरी वाचवताना काही लॅपटॉप वायफायचा जोर कमी करतात. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, विंडोज अपडेट तेवढा वेळ थांबवा. घरी मोजताना टीव्ही आणि मुलांचे फोन नेटवरून काढा. हे न करता घेतलेलं रीडिंग फेकून दिलेलं बरं.

ऑफिसात स्वतःचा लॅपटॉप भिंतीतल्या पोर्टला लावण्याआधी आयटीवाल्यांना विचारा. बहुतेक ठिकाणी अनोळखी मशीन अडवलं जातं, काही ठिकाणी ते नियमभंगातही धरतात. तसं असेल तर ऑफिसचाच लॅपटॉप घरी आणून मोजा, पण व्हीपीएन (घरच्या लॅपटॉपला ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी खाजगी वाट) बंद करून. ते खरंच बंद आहे का, हे टेस्टच्या पानावरच कळतं: तिथे तुमच्या इंटरनेट कंपनीचं नाव येतं. घरी बसून मोजताना तिथे ऑफिसच्या लाइनवाल्या कंपनीचं नाव दिसलं, तर तुम्ही फिरून ऑफिसचीच लाइन मोजताय.

९४ वर अडकलेला काटा

प्लॅन शंभरहून मोठा असून वायरवर डाउनलोड दर वेळी ९३ ते ९५ वर थांबत असेल तर दोष लाइनचा नाही. वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचं पोर्ट आहे, किंवा केबलमधली एखादी तार तुटली आहे. शंभरच्या वेगाला आठपैकी चारच तारा लागतात (पिन १, २, ३ आणि ६), गिगाबिटला आठही. उरलेल्या चारपैकी एक जरी निकामी झाली तरी जोडणी गुपचूप शंभरवर उतरते आणि नेट ‘चालू’ दिसत राहतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटच्या माहितीत लिंक स्पीड बघा: १०००/१००० हवं, १००/१०० असेल तर आधी केबल बदला. तरी फरक पडला नाही तर फायबरच्या डब्याची मागची बाजू तपासा. या डब्याला ओएनटी म्हणतात. काही ओएनटींना चार पोर्ट असतात, पण त्यातलं एकच गिगाबिटचं असतं. केबल नेमकी दुसऱ्यात खुपसलेली सापडते.

वायफायचं रीडिंग वेगळं घ्या, एक राउटरपासून दोन मीटरवर आणि एक रोजच्या कामाच्या जागेवर. २.४ गिगाहर्ट्झवर सोसायटीतले सगळे राउटर एकमेकांवर ओरडत असतात. एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं, पण आरसीसीची भिंत किंवा लोखंडी कपाट मध्ये आलं की पटकन मान टाकतं. वायरवर १९० आणि टेबलावर ३५ येत असतील, तर प्लॅन वाढवून काहीही होणार नाही, राउटरची जागा बदला.

टेस्ट कोणती, सर्व्हर कोणता

ऊक्लाची स्पीडटेस्ट चालेल, पण सर्व्हर हाताने निवडा आणि दोन्हीकडे तोच ठेवा. आपोआप निवडलेला सर्व्हर बऱ्याचदा तुमच्याच कंपनीचा असतो. तिथला आकडा म्हणजे कंपनीच्या अंगणातली धाव. फाटकाबाहेर काय होतं ते त्यातून दिसत नाही. पुण्यात राहत असाल तर मुंबईतला, दोन्ही लाइनवाल्यांपैकी कोणाचाही नसलेला सर्व्हर घ्या. त्याच पानावर मल्टी आणि सिंगल असा पर्याय असतो. मल्टी एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून लाइन पूर्ण भरते, सिंगल एकच उघडते. एक मोठी फाइल किंवा व्हीपीएन याच्याशी सिंगलचा आकडा जास्त जुळतो, म्हणून दोन्ही घ्या.

क्लाउडफ्लेअरची टेस्ट जोडीला ठेवा. लाइन भरलेली असताना पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) किती चढतं आणि किती पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) हरवतात, हे ती दाखवते. व्हिडिओ कॉल अडखळण्याचं कारण बहुधा या दोन आकड्यांत सापडतं, डाउनलोडच्या मोठ्या आकड्यात नाही.

पिंग हातानेही मोजता येतं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत पिंग लिहा, मग डॅश एन, ५० आणि ८.८.८.८ (मॅकवर डॅश एनऐवजी डॅश सी). एकदा लाइन मोकळी असताना चालवा, एकदा ड्राइव्हवर मोठी फाइल चढत असताना. मोकळेपणी ६ मिलिसेकंद आणि अपलोड चालू असताना २५० येत असेल, तर राउटर पॅकेटांची लांबलचक रांग लावून बसतोय. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएस (ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल तर वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर लावा. थोडा वेग जातो, पण कॉल सुरळीत होतात.

अंतराचा हिशोबही डोक्यात असू द्या. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर शंभर किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. पुणे-मुंबई दीडशे किलोमीटर. वायरवर, मोकळ्या लाइनवर मुंबईचं पिंग ४० दिसलं तर तुमचा डेटा बहुधा दुसऱ्याच शहराला वळसा घालून येतोय.

कधी आणि किती वेळा

घरी सकाळी ११, दुपारी ४ आणि रात्री साडेनऊ. ऑफिसात ११, जेवणाच्या सुट्टीत आणि ४. प्रत्येक वेळी लागोपाठ तीन टेस्ट घेऊन मधला आकडा लिहा. सरासरी नको, एक भलताच आकडा तिला ओढून नेतो. प्रत्येक जागी कामाचे पाच दिवस एवढं करा. वहीत तारीख, वेळ, जागा, वायर की वायफाय, डाउनलोड, अपलोड, मोकळं पिंग, भरलेलं पिंग, हरवलेली पॅकेट असे रकाने पुरतात.

टेस्ट डेटा खाते. १०० एमबीपीएसवर दहा सेकंदांच्या डाउनलोडला १२५ एमबी लागतात, अपलोड वेगळं. फायबरवर याची काळजी नाही, पण रोजच्या दीड जीबीच्या मोबाइल प्लॅनवरून हॉटस्पॉट मोजायला बसलात तर सात-आठ टेस्टमध्ये दिवसाचा कोटा संपेल.

आकडे वाचताना

घरची लाइन बहुधा जीपॉनची असते. एका फायबरवर खाली येणारे सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जाणारे १.२५ गिगाबिट, ते ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले. सकाळी पूर्ण वेग आणि रात्री साडेनऊला निम्मा असेल तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. दिवसभर एकसारखाच कमी असेल तर प्लॅनची डेटा मर्यादा संपली का ते बघा. ‘अमर्यादित’ म्हणून विकलेल्या अनेक प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते.

ऑफिसची लीज्ड लाइन दोन्ही दिशांना सारखी आणि कोणाशी न वाटलेली असते. पण ऑफिसच्या आत ती सगळ्यांत वाटली जाते. शंभरच्या लाइनवर साठ माणसं असतील, तर अकरा वाजता दिसतो तो तुमचा वाटा. लाइनचा खरा वेग जेवणाच्या सुट्टीत दिसेल. आकडा कुठल्याही वेळी बरोबर २० वर सपाट राहत असेल, तर फायरवॉलमध्ये माणशी मर्यादा लावलेली आहे.

फाइल चढवण्याचा फरक मुख्यतः अपलोडमुळे पडतो. दोन जीबी म्हणजे १६,००० मेगाबिट. ५० च्या अपलोडला सव्वापाच मिनिटं लागतात, १० ला जवळजवळ सत्तावीस. व्हिडिओ कॉलला मात्र दोन्ही दिशांना दोन-चार एमबीपीएस पुरतात.

शेवटी घरूनच व्हीपीएन चालू करून एकदा मोजा. सगळी वाहतूक ऑफिसातून फिरवणारं व्हीपीएन असेल, तर घरी उतरणारा प्रत्येक बाइट ऑफिसच्या अपलोडमधून येतो. ऑफिसची लाइन १०० ची आणि घरून काम करणारे ४० असले, तर सगळे एकदम जोरात असताना माणशी अडीच एमबीपीएस. अशा वेळी घरचा प्लॅन पाचशेचा केला तर ते पैसे पाण्यात. आयटीवाल्यांना स्प्लिट टनेल विचारा, म्हणजे ऑफिसचं तेवढंच व्हीपीएनमधून जाईल.

घरच्या लाइनची तक्रार करायची तर फक्त वायरवरची रीडिंग पाठवा. वायफायचा एकही आकडा दिलात तर ‘राउटर लांब असेल’ म्हणून तक्रार बंद होते. तंत्रज्ञ आला की ओएनटीवरचा ऑप्टिकल पॉवर (फायबरमधून पोहोचणाऱ्या प्रकाशाचा जोर) त्याला मोजायला लावा. सर्वसाधारण डब्यांना उणे ८ ते उणे २७ डीबीएम चालतो. उणे २८-२९ दिसला तर जोड सैल आहे, टोक मळलंय किंवा फायबर कुठेतरी मोडून वळवलंय. आधी टीव्हीच्या मागे आणि दाराच्या फटीत बघा.