मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक: न खचणारी फरशी अशी बसवा

खचलेल्या अंगणातला पेव्हर ब्लॉक उचलून पाहिला, तर तो बहुतेक वेळा धडधाकट निघतो. खाली मात्र नुसत्या मातीवर पसरलेली चिमूटभर कच (दगडाचा बारीक चुरा) सापडते. म्हणून रंग आणि डिझाइन निवडण्याआधी खालच्या थरांचा खर्च बाजूला काढून ठेवा.

उदाहरणादाखल १० बाय १२ फुटांची जागा घेऊ. माणसांची ये-जा आणि टेबल-खुर्च्या एवढंच असेल तर ६० मिमी जाडीचा ब्लॉक पुरे. चारचाकी लावायची असेल तर ८० मिमी घ्या. २०० बाय १०० मिमीचे ब्लॉक एवढ्या जागेला साधारण ५६० लागतात. तुटफूट आणि कटिंग धरून ६०० मागवा. सहा इंच पक्क्या थरासाठी सैल मुरूम ०.७५ ते ०.८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागेल, कारण ठोकल्यावर तो बसतो.

आखणी आणि खोदाई

खुंट्या ठोकून दोरी बांधा. कोपरा काटकोनात आहे का, हे ३-४-५ च्या मापाने तपासा: एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट, तर तिरकं अंतर बरोबर ५ फूट यायला हवं. पाणी घराकडे येता कामा नये, म्हणून घरापासून बाहेरच्या बाजूला दर १० फुटांना दोन ते अडीच इंच उतार ठेवा. पाण्याच्या नळीने लेव्हल घेऊन तो दोऱ्यांवरच पक्का करा. तयार फरशी जोत्याच्या सहा इंच तरी खाली राहू द्या, नाहीतर पावसाळ्यात भिंतीला ओल धरते. चेंबरची झाकणं गाडू नका, आणि झाडाच्या बुंध्याभोवती दोन-तीन फूट माती मोकळी सोडा.

खोदाई सुमारे १० इंच. जमीन काळी असेल तर आणखी अर्धा फूट खोल जा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची फरशी हलवते. हे काम दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर काढलेलं बरं.

मुरूम: इथे घाई नको

मुरूम तीन-तीन इंचांच्या थरांत टाका. प्रत्येक थरावर पाणी मारा, पण चिखल होऊ देऊ नका. मग धुम्मसाने ठोका; प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने मिळाला तर उत्तम. सुरुवातीला ठोक्याचा आवाज बद्द येतो, थर बसला की तो टणक होतो. टाच जोरात दाबून पाहा, खड्डा पडला तर अजून ठोका. उतार इथेच द्यायचा आणि खड्डेही इथेच भरायचे. कच वापरून खड्डा भरला, तर नेमकी तीच जागा पुढे बसते.

कड, कच, ब्लॉक

कडेचे कर्ब स्टोन काँक्रीटमध्ये बसवा. कड पक्की नसेल तर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात, सांधे उघडतात. ही पायरी वगळलेली अंगणं फार पाहायला मिळतात, आणि ती दुरुस्त करताना निम्मी फरशी उचलावी लागते.

मग दीड इंच जाडीचे दोन पाइप समांतर ठेवून मध्ये किंचित ओलसर कच पसरा आणि पाइपांवर टेकवलेल्या रंध्याने (गवंड्याच्या सरळ पट्टीने) ओढून सपाट करा. पाइप काढून त्यांच्या खाचा भरा. या थरावर पाय ठेवू नका; ब्लॉक लावत पुढे जा आणि लावलेल्या ब्लॉकवरच उभे राहा. सुरुवात सरळ कडेपासून करा, दर काही ओळींनंतर दोरी लावून पाहा. सांधे २ ते ४ मिमी. कडेचे तुकडे ग्राइंडरने कापताना पाणी सोडणारा कटर वापरा, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावा. ती धूळ फुफ्फुसांना घातक असते.

शेवटी अगदी कोरडी बारीक वाळू टाकून खराट्याने सांध्यांत भरा, कॉम्पॅक्टर फिरवा, पुन्हा वाळू भरा. सांध्यांत सिमेंट ओतू नका, त्याला तडे जातात आणि पाणी मुरायची वाट बंद होते.

पहिल्या पावसानंतर सांध्यांतली वाळू खाली बसेल, ती पुन्हा भरा. एखादा ब्लॉक खचलाच, तर दोन स्क्रूड्रायव्हर सांध्यांत घालून तो वर उचला, खाली थोडा मुरूम ठोका, त्यावर कच सपाट करा आणि तोच ब्लॉक परत बसवा.