अवयवदानाची संमती मागे घेताना

नमुना ७, म्हणजे मृत्यूनंतर अवयवदान करण्याच्या संकल्पाचा अर्ज, भरून दिलेली संमती मागे घेता येते. तशी टीप त्या अर्जावरच छापलेली असते. आधी नोंद कुठे केली ते पाहा. नोटोच्या (राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या) संकेतस्थळावर आधारने केली असेल, तर तिथेच रद्द करा. कागदावर असेल, तर नोंदणी क्रमांक घालून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नमुना ७ च्या प्रती तीन असतात: एक तुमच्याकडे, एक जिथे नोंद केली त्या संस्थेकडे, एक नेटवर्क संस्थेकडे, म्हणजे अवयवदानाचा समन्वय करणाऱ्या संस्थेकडे. म्हणून दोन्ही संस्थांना कळवा.

पाकिटातलं डोनर कार्ड आठवणीने फाडा.

खरी चूक पुढे होते. नुसती नोंद रद्द केली, तरी १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मृत्यूनंतर जवळचे नातेवाईक संमती देऊ शकतात. दान नकोच असेल, तर स्पष्ट नकार लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन घरच्यांच्या हाती द्या.